फेब्रुवारीत अंदमान: पाच वर्षांची मुलगी, दोन वर्षांचा मुलगा आणि सासूबाई

ओवीची_आई (नाशिक)

नमस्कार मंडळी. अंदमानला जायचं ठरलंय, पण एजंटने पाठवलेला कार्यक्रम वाचून माझ्या पोटात गोळा आलाय, म्हणून इथे विचारते.

आम्ही पाच जण: मी, नवरा, ओवी (पाच वर्षं), अद्वय (डिसेंबरात दोन पूर्ण होतील) आणि सासूबाई. त्या ६८ वर्षांच्या आहेत आणि त्यांचं माहेर भगूरचं. सावरकरांच्या वाड्यासमोरून रोज शाळेत जायच्या. सेल्युलर जेल बघायची त्यांची इच्छा माझ्या लग्नाच्याही आधीपासूनची आहे, त्यामुळे ठिकाण बदलायचा प्रश्नच नाही. गुडघे दुखतात, पण हळूहळू चालतात.

एजंटचा कार्यक्रम असा आहे. पहिल्या दिवशी उतरल्या उतरल्या कॉर्बिन्स कोव्ह आणि संध्याकाळी जेलचा लाइट अँड साउंड शो. दुसऱ्या दिवशी पहाटे तीनला उठून बाराटांग. तिसऱ्या दिवशी फेरीने हॅवलॉक आणि दुपारी राधानगर. चौथ्या दिवशी सकाळी एलिफंट बीच, दुपारी काला पत्थर. पाचव्या दिवशी नील आणि तिथले सगळे बीच. सहाव्या दिवशी परत पोर्ट ब्लेअर, रॉस, नॉर्थ बे आणि जेल आतून. सातव्या दिवशी विमान. "सगळे असंच करतात मॅडम," असं त्याचं म्हणणं.

मला विचारायचंय ते एवढंच की दोन लहान मुलांना घेऊन यातलं काय ठेवावं आणि काय बिनधास्त गाळावं? दिवाळीच्या सुट्टीत जावं की फेब्रुवारीत? फेरीत मुलांना उलट्या होतात असं ऐकलंय. अद्वय दिवसातून तीनदा दूध पितो, त्याचं काय करायचं? आणि तिथे मगरी आहेत असं कुणीतरी सांगितल्यापासून नवरा मुलांना पाण्यात सोडायलाच तयार नाही. हे कितपत खरं आहे?

लाटवेडा (रत्नागिरी)

मुलं एवढी लहान आहेत तर लक्षद्वीपचाही विचार करून बघा. प्रवाळाच्या कड्याआडचं पाणी उथळ आणि शांत असतं, लाटा अशा नसतातच. कोचीहून अगत्तीला विमान आहे, नाहीतर कोचीहून जहाज. परवाना मात्र काढावा लागतो आणि राहायच्या जागा मोजक्याच, त्यामुळे बरंच आधी हलायला हवं. पण तुमच्या सासूबाईंचं वाचलं आणि वाटलं की तुमचं अंदमानच बरोबर आहे. लक्षद्वीप मुलं थोडी मोठी झाल्यावर करा.

दिवाळीबद्दल एक सांगतो. नोव्हेंबरात बंगालच्या उपसागरात कमी दाबाचे पट्टे तयार होतात, परतीचा पाऊस असतो आणि समुद्र खवळला की फेऱ्या रद्द होतात. एकट्यादुकट्याने जाणाऱ्याला चालून जातं. दोन मुलं आणि आजी घेऊन नको.

पडौक (सातारा)

ओवीची आई, मी पोर्ट ब्लेअरला राहिलेली आहे. नवऱ्याची नोकरी तिथे होती आणि माझी दोन्ही मुलं हॅडोच्या चढावर सायकल शिकली. वयाने मोठी आहे म्हणून अगं-तुगं करते, आणि उत्तर लांबलचक होईल, कारण हा असा कार्यक्रम घेऊन आलेली, रडवेली पोरं कडेवर घेतलेली माणसं मी जेटीवर फार पाहिली आहेत.

सगळ्यात आधी घड्याळ समजून घे. बाकीचं नियोजन त्यावरच उभं राहतं. अंदमान नाशिकपेक्षा जवळजवळ एकोणीस अंश पूर्वेला, पण घड्याळ मात्र आपलंच. त्यामुळे फेब्रुवारीत तिथे पावणेसहाच्या सुमारास सूर्य उगवतो आणि साडेपाचच्या आसपास बुडतो. सहाला काळोख. तुझी मुलं उजेडाबरोबर उठतील, त्यांना झोपवून ठेवायला जाऊ नकोस. पाण्यात खेळायची वेळ म्हणजे सकाळी सहा ते नऊ आणि दुपारी साडेतीन ते पाच. अकरा-साडेअकराला जेवण, बारा ते तीन खोलीत पंख्याखाली झोप, रात्रीचं जेवण साडेसातच्या आत. एजंटच्या "दुपारी राधानगर"चा अर्थ, वाळूवर पाय ठेववत नाही अशा वेळी तिथे पोचायचं आणि मुलं रमेपर्यंत शिट्टी वाजवून सगळ्यांना पाण्याबाहेर काढायची वेळ व्हायची. राधानगर सूर्यास्तासाठी प्रसिद्ध आहे, म्हणून सगळ्या गाड्या दुपारी तिकडे वळतात. मुलं असतील तर तिथे सकाळीच जा. सकाळी किनारा जवळजवळ रिकामा असतो, मागची उंच झाडं पूर्वेकडचं ऊन बराच वेळ अडवून धरतात आणि वाळू गार असते.

दुसरं म्हणजे भरती-ओहोटी. लाटवेडा यांना हे सांगायला नको, पण नाशिककरांना सांगावं लागतं. नीलचा भरतपूर बीच भरतीला मुलांसाठी छान असतो, उथळ आणि संथ पाणी. ओहोटीला तिथलंच पाणी लांब सरकतं आणि खाली प्रवाळाचे खडबडीत दगड उघडे पडतात. मुलाने धडपडायचं म्हटलं तर गुडघा फुटलाच. हॅवलॉकच्या पूर्वेकडच्या किनाऱ्याचंही तसंच. विजयनगर, म्हणजे पाच नंबर, तिथली पुष्कळ हॉटेलं "बीचवर" म्हणून विकली जातात आणि ती खरोखर बीचवर आहेतही. पण ओहोटीला समोर खडक आणि चिखलट वाळू. पोहायचा किनारा पश्चिमेला राधानगर, जेटीपासून साधारण बारा किलोमीटर. तेव्हा हॉटेल ठरवताना खोलीच्या फोटोवर जाऊ नकोस. "राधानगरला सकाळी सहाला रिक्षा मिळेल का?" हे विचार.

भरती रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते. जायच्या आधी आपल्या तारखांच्या वेळा हॉटेलवाल्याकडून लिहून घे. आणि तारखा हातात असतील तर अष्टमीच्या आसपासच्या धर. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला पाणी फार वर चढतं आणि फार लांब जातं. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास, ते आपल्या जागेवरून फारसं हलत नाही आणि लहान मुलांना तेच सोयीचं.

आता मगरी. खऱ्या आहेत. अंदमानात खाऱ्या पाण्यातली मगर आहे, तिचं घर म्हणजे कांदळवन आणि खाड्या. राधानगरला मुख्य किनाऱ्यापासून पुढे चालत गेलं की नील्स कोव्ह म्हणून खाजणासारखं संथ निळं पाणी लागतं. दिसायला इतकं शांत की लहान मुलांना तिथेच बसवावंसं वाटतं. तिथे अजिबात उतरायचं नाही. २०१० मध्ये त्याच भागात मगरीने एका परदेशी पर्यटक बाईचा जीव घेतला होता. मुख्य किनाऱ्यावर जीवरक्षक असतात, पाट्या लावलेल्या असतात, पोहायची जागा ठरलेली असते. त्या हद्दीत, भर उजेडात, मुलांच्या हाताच्या अंतरावर तुम्ही दोघं असाल तर भावोजींनी मुलांना खुशाल पाण्यात न्यावं. जिथे खाडी किंवा ओढा समुद्राला मिळतो तिथे नाही आणि अंधार पडल्यावर कुठेच नाही. आम्ही वर्षानुवर्षं हाच नियम पाळून राहिलो.

बाराटांग गाळ. पूर्ण गाळ. जारवा या तिथल्या आदिवासींच्या राखीव जंगलातून जाणारा तो रस्ता आहे. जिरकाटांगच्या नाक्यावरून गाड्यांचा पहिला ताफा सकाळी सहाला सुटतो, म्हणून पोर्ट ब्लेअर साडेतीनच्या सुमारास सोडायचं. पुढे गाडी थांबवायची नाही, मग तराफ्यावरून खाडी ओलांडायची, मग छोटी बोट, मग उन्हात चालत चुनखडीच्या गुहेपर्यंत. आणि हे सगळं उलटं परत. दोन वर्षांच्या मुलाला आणि दुखऱ्या गुडघ्यांना यात काहीही नाही. शिवाय माझं स्वतःचं मत आहे की त्या रस्त्याने पर्यटक म्हणून कुणीच जाऊ नये. राखीव भागातला हा रस्ता बंद करा असं सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच म्हटलं होतं. बाहेरच्यांशी संबंध यायला लागल्यावर १९९९ मध्ये जारवांमध्ये गोवर पसरला. कितीही म्हटलं तरी त्या ताफ्यातली बहुतेक माणसं गुहेसाठी जात नाहीत, काचेतून माणसं दिसतात का ते बघायला जातात. ओवीला हे दाखवू नये असं मला मनापासून वाटतं.

एलिफंट बीचही या खेपेला राहू दे. हॅवलॉकच्या जेटीवरून उघड्या छोट्या बोटीने वीसेक मिनिटं, उतरताना पाण्यातच उतरायचं, वर वॉटर स्पोर्ट्सवाल्यांची गर्दी. मोठ्या मुलांना स्नॉर्केलिंगसाठी ती जागा उत्तम आहे. अद्वयला कडेवर घेऊन कुणीतरी एक जण काठावरच बसून राहील आणि ती बहुतेक तूच असशील. नॉर्थ बेचंही तेच.

रॉस बेट मात्र ठेव. आता नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप म्हणतात. पोर्ट ब्लेअरच्या समोरच, बोटीने दहा-पंधरा मिनिटं. इंग्रजांच्या पडक्या इमारतींना वडा-पिंपळाच्या मुळांनी कवेत घेतलंय आणि हरणं, मोर, ससे माणसांच्या पायात फिरतात. चढण आहे, पण बॅटरीवर चालणाऱ्या गाड्या असतात, आजींना त्यात बसव. मुलांना अंदमानातलं काय आवडलं असं विचारलं तर लहान मुलं हमखास "हरीण" म्हणतात.

आणि वाळूवर नुसतं बसायला वेळ ठेव, हे मी हात जोडून सांगते. ओहोटी लागली की ओल्या वाळूवर मोहरीएवढ्या गोळ्यांची नक्षी उमटायला लागते. नखाएवढे खेकडे बिळातून बाहेर येतात, वाळू तोंडात घेतात, त्यातलं खाणं काढून घेतात आणि उरलेल्या वाळूची गोळी करून मागे टाकतात. बिळाभोवती गोळ्यांच्या ओळी किरणांसारख्या पसरत जातात. जवळ गेलं की क्षणात सगळे गडप. पाचेक मिनिटं हलायचं नाही, की एकेक डोळा वर येतो. माझी लेक यासमोर तासन्‌तास बसायची. दुसरे ते शंखातले खेकडे, झाडाखाली शेकड्याने असतात आणि शंख पाठीवर घेऊन पालापाचोळ्यातून खुडबुडत जातात. म्हणूनच शंख आणि प्रवाळ तिथून आणायचे नाहीत. कायद्याने तर मनाई आहेच आणि विमानतळावर सामानातून काढून घेतात, पण ओवीला खरं कारण सांग: तो रिकामा शंख उद्या कुणाचं तरी घर होणार आहे. मुलांना हे लगेच पटतं.

दुधाचं बघ. ताजं दूध तिथे कमीच मिळतं, खोक्यातलं आणि पावडरचं मिळतं. अद्वयला ज्या पावडरची चव चालते तिचा डबा इथूनच ने आणि निघायच्या आधी आठवडाभर रोज एक वेळ तेच पाजून सवय कर. बाकी खाण्याची काळजी नको. हॅवलॉक आणि नीलवर फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेली कुटुंबं वसवली गेली. गोविंदनगर, राधानगर, सीतापूर, भरतपूर ही त्यांच्याच वस्त्यांची नावं. त्यामुळे साध्या खाणावळीतही मऊ भात, मसूर डाळ, बटाट्याचे तळलेले काप आणि मासे कायम मिळतात. मसूर डाळ-भात आणि वर तूप, मुलं गपागप जेवतात. तूप आपलं ने. मेतकूटही ने. केळी, पपई, शहाळी मुबलक.

माझ्या मते सहा रात्री अशा वाट: पोर्ट ब्लेअर दोन, हॅवलॉक तीन, पोर्ट ब्लेअर एक. नील मला हॅवलॉकपेक्षा जास्त आवडतं, शांत आहे, भाजीचे मळे आहेत, कुठूनही कुठेही रिक्षाने दहा-पंधरा मिनिटं. पण एका रात्रीसाठी सामान बांधून, जेटीवर तास काढून, नवीन खोलीत मुलांना झोपवायचं म्हणजे दोन दिवस मोडतात. दोन रात्री देता आल्या तरच नील.

तिकिटावर पोर्ट ब्लेअरऐवजी श्री विजयपुरम, हॅवलॉकऐवजी स्वराज द्वीप आणि नीलऐवजी शहीद द्वीप दिसेल. जागा त्याच आहेत.

सुहास_चेन्नई

पडौकताईंनी बहुतेक सगळं सांगितलंच आहे. मी फक्त विमानाचं सांगतो, कारण आमच्याकडचे सगळे पाहुणे अंदमानला जाताना चेन्नईत आमच्याच घरी टेकतात.

मुंबईहून रात्री दोन-तीनला निघून पहाटे चेन्नई किंवा बंगळूर आणि मग पोर्ट ब्लेअर, असं स्वस्त तिकीट एजंट लावून देतात. लहान मुलं असतील तर ते घेऊ नका. पहिले दोन दिवस मुलं त्या जागरणातून सावरत नाहीत. आदल्या दिवशी दुपारच्या विमानाने चेन्नईला या, विमानतळाजवळ झोपा आणि सकाळचं पोर्ट ब्लेअरचं विमान घ्या. सव्वादोन तासांच्या आसपास लागतात. उतरल्यावरही दिवस उरतो आणि मुलं ताजी असतात.

अद्वय डिसेंबरात दोन वर्षांचा होतोय, म्हणजे फेब्रुवारीत त्याला पूर्ण तिकीट आणि स्वतंत्र सीट. जन्माचा दाखला आणि आधार दोन्ही जवळ ठेवा, फेरीच्या जेटीवरही सगळ्यांची ओळखपत्रं बघतात. रोख पैसेही बाळगा. समुद्राखालून चेन्नईहून केबल टाकल्यापासून, म्हणजे २०२० पासून, तिकडचं नेटवर्क खूप सुधारलंय, पण हॅवलॉकला फोनवरून पैसे जाता जाता अडकणं अजून होतं. तेव्हा रिक्षावाल्यासमोर मुलं उन्हात उभी नकोत.

बालरोग_कोल्हापूर

मी बालरोगतज्ज्ञ आहे. थोडक्यात लिहिते.

बोट लागण्यावरचं औषध स्वतःच्या मनाने देऊ नका. दोन वर्षांच्या मुलासाठी तर नाहीच. तुमच्या डॉक्टरांना वजन सांगून विचारा आणि द्यायचं ठरलं तर एकदा घरी देऊन बघा, काही मुलांना त्याने झोप येण्याऐवजी चिडचिड होते. फेरीच्या आधी तासभर दूध देऊ नका. कोरडं काहीतरी द्या, लाह्या, खारी बिस्किटं. फेरीत मधल्या भागातल्या सीट मागा, मुलाला मोबाइल दाखवू नका, खिडकीतून लांब क्षितिजाकडे बघायला लावा. आतली वातानुकूलित हवा फार गार असते, स्वेटर हातातल्या पिशवीत ठेवा.

पाण्यात घालायच्या हवेच्या बाहुट्या आणि रिंगा ही खेळणी आहेत, त्याने जीव वाचत नाही. बोटीत लहान मापाचं लाइफ जॅकेट बांधल्याशिवाय मुलाला बसवू नका. मोठ्या मापाचं घातलं तर मूल त्यातून खाली निसटतं. बोटवाल्याकडे लहान माप नसेल तर त्या बोटीत बसू नका, दुसरी बघा.

ऊन लागू नये म्हणून क्रीमपेक्षा लांब बाह्यांचे पोहायचे कपडे आणि टोपी जास्त कामाची. ओआरएसची पाकिटं, ताप मोजायचं यंत्र, तापाचं नेहमीचं औषध आणि जखमेवरचं मलम न्या. जेलीफिश लागलं तर समुद्राच्याच पाण्याने धुवा, गोडं पाणी नको, चोळू नका आणि लगेच दवाखाना गाठा. हॅवलॉकला सरकारी आरोग्य केंद्र आहे, मोठं काही असेल तर पोर्ट ब्लेअरला जी. बी. पंत रुग्णालय. वाळूतल्या बारीक माश्या चावतात, त्या दिसतही नाहीत. संध्याकाळी मुलांना थेट वाळूवर बसवू नका, चटई घाला, पाय झाका. खाजवून जखम झाली तर ती चिघळते, म्हणून नखं कापून न्या.

ओवीची_आई

किती मनापासून लिहिलंय सगळ्यांनी. काल रात्री नवऱ्याला आणि सासूबाईंना सगळं वाचून दाखवलं. सासूबाई म्हणाल्या, "खेकड्यांसाठी मी पण बसेन."

ठरलं ते असं. फेब्रुवारी, अष्टमी मध्ये येईल अशा तारखा. चेन्नईला एक मुक्काम. पोर्ट ब्लेअर दोन, हॅवलॉक तीन, पोर्ट ब्लेअर एक. बाराटांग, एलिफंट, नॉर्थ बे आणि नील गाळलं. एजंट म्हणाला, "मग पैसे कशाचे देताय?" मी त्याला सांगितलं की फक्त विमान, फेरी आणि हॉटेल कर, बाकी आम्ही बघतो.

आता दोनच शंका. एक, फेरी रद्द झाली तर काय? दोन, जेल. सासूबाईंना सावरकरांची कोठडी बघायचीच आहे आणि ती वरच्या मजल्यावर आहे म्हणतात. ओवीला आत न्यावं का? पाच वर्षांच्या मुलीला फाशीघर वगैरे दाखवायचं मला जिवावर येतंय.

पडौक (सातारा)

फेब्रुवारीत समुद्र शांत असतो, फेरी सहसा रद्द होत नाही. तरीही विमानाच्या आदल्या रात्री पोर्ट ब्लेअरला असणं हा नियम मोडायचा नाही, तुझ्या कार्यक्रमात तो बसलाय. हॅवलॉकहून परत येताना सकाळची फेरी घे, म्हणजे ती चुकली किंवा रद्द झाली तरी दुपारची हाताशी राहते. आणि खाजगी फेरीचं तिकीट परतीच्या तारखेसकट आत्ताच काढून ठेवायला सांग, एजंटला त्याचेच पैसे दे.

जेलचं जरा नीट सांगते. कोणत्या दिवशी बंद असतं, हे तारखा ठरवताना बघ. पहिल्या दिवशी उतरल्यावर काहीही करू नका, मुलांना जेवून झोपू दे. दुसऱ्या दिवशी उघडल्या उघडल्या आत जा, ऊन चढायच्या आणि गटांच्या बस यायच्या आधी. इंग्रजांनी ते १८९६ ते १९०६ या काळात बांधलं. मधल्या मनोऱ्यापासून सात बाजूंना सात इमारती पसरलेल्या होत्या, आता तीनच उभ्या आहेत. प्रत्येक इमारतीचं तोंड पुढच्या इमारतीच्या पाठीकडे, म्हणजे एका कैद्याला दुसऱ्याचा चेहरा दिसूच नये. सावरकरांची कोठडी सगळ्यात वरच्या मजल्यावर, ओळीच्या टोकाला आहे. १९११ ते १९२१ ते तिथे होते. थोरले बंधू बाबारावही त्याच तुरुंगात होते, आणि दोघा भावांना कितीतरी काळ एकमेकांची गाठ पडू दिली नव्हती. भगूरच्या माणसाला हे मी सांगायला नको.

जिने आहेत, लिफ्टवर विसंबू नकोस. आजींना एकेक मजला बसत बसत जाऊ दे, व्हरांड्यात टेकायला जागा आहे. नवऱ्याने त्यांच्याबरोबर जावं, कारण उतरताना गुडघ्यांना जास्त त्रास होतो आणि आधाराला उंच माणूस लागतो. तू मुलांना घेऊन खाली अंगणात थांब आणि ते आले की मग तू जा. कोठडीत आजींना घाई करू नका. फोटोसाठी मागे रांग लागली तरी त्यांना आत उभं राहू द्या. तिथे येऊन काही न बोलता बराच वेळ उभी राहिलेली म्हातारी माणसं मी पाहिली आहेत, आणि मागचे लोक आपणहून थांबतात.

ओवीला जेल दाखव. कोठडी, लोखंडी कडी, उंचावरची छोटी खिडकी हे पाच वर्षांच्या मुलीला कळतं. दाराची कडी भिंतीत इतकी लांब खोलगट कोनाड्यात आहे की आतून हात पोचणारच नाही, तिला स्वतःला हात घालून बघू दे. फाशीघराकडे वळू नकोस, ते अंगणाच्या एका बाजूला वेगळं आहे, न जाता बाहेर पडता येतं. तेल गाळायचा कोलू अंगणातल्या शेडमध्ये आहे. तो तिला दाखव आणि बैलाचं काम माणसांकडून करून घ्यायचे एवढंच सांग. ती पुढे विचारेल तेवढंच उत्तर दे.

लाइट अँड साउंड शो संध्याकाळी, अंधार पडल्यावर. हिंदीचा घे, आजींना नीट कळेल. आवाज मोठा असतो, चाबकाचे आवाज आहेत, अद्वय घाबरून रडेल. म्हणून तुम्ही एकाने आजींबरोबर बसायचं आणि दुसऱ्याने दोन्ही मुलांना हॉटेलवर ठेवायचं. ओवी हट्ट करेल, पण तिची झोपेची वेळ तीच असते. तिकीट आधी काढून ठेवा, गर्दीच्या दिवसांत संपतात. उघड्यावर बसायचं असतं, तेव्हा आजींच्या पायाला ओडोमॉस लाव आणि पाठीला टेकायला छोटी उशी दे.

हॉटेल ठरलं की इथे लिही, जेलपासून चढ किती आहे ते सांगते.